सोलापुरात वृद्धांसाठी शुश्रूषा केंद्र पारखताना

सोलापुरात ‘नर्सिंग होम’ अशी पाटी दिसली की आत बाळंतपणाचा विभाग किंवा दहा-पंधरा खाटांचे खासगी रुग्णालय असणार असे आपण गृहीत धरतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. अंथरुणाला खिळलेल्या आईला किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना दीर्घकाळ सांभाळणारी जागा मात्र कधी ‘वृद्धाश्रम’, कधी ‘केअर सेंटर’, तर कधी ‘सेवासदन’ अशा नावाने, जुळे सोलापूरसारख्या वस्तीतल्या एखाद्या बंगल्यात किंवा हमरस्त्यालगतच्या भाड्याच्या इमारतीत चाललेली असते. नावावरून काहीच उमगत नसल्यामुळे फोनवरच पहिला प्रश्न असा विचारावा, की राहणाऱ्या व्यक्तीला स्वतः उठता, जेवता आणि शौचाला जाता आले पाहिजे अशी अट आहे का. अशी अट असेल तर तो वृद्धाश्रम आहे. आज चालत्याफिरत्या वडिलांना तिथे ठेवले आणि सहा महिन्यांनी त्यांचे खुब्याचे हाड मोडले, तर ‘आता घेऊन जा’ असा फोन येणार, हे आधीच समजून घेतलेले बरे.

कागदपत्रांची तपासणी लवकर उरकते, पण ती टाळू नये. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ मधील व्याख्या रुग्णालयांपुरती मर्यादित नाही. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांना उपचार व शुश्रूषा पुरवणारी जागा तिच्यात येते. त्यामुळे जिथे नाकातल्या नळीने अन्न दिले जाते, इन्सुलिन टोचले जाते, लघवीची नळी सांभाळली जाते, तिथे ‘आमचे घरगुती स्वरूपाचे केंद्र आहे, नोंदणी लागत नाही’ हे उत्तर पुरेसे मानू नये. शहराच्या हद्दीत ही नोंदणी महानगरपालिकेकडे असते, प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते आणि त्याला मुदत असते. म्हणून चौकट पाहून समाधान न मानता तारीख वाचावी. काही संस्था त्याऐवजी धर्मादाय आयुक्तांकडील न्यासाची नोंदणी दाखवतात. ती संस्था म्हणून झालेली नोंदणी आहे. आत प्रशिक्षित परिचारिका आहे की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

माणसांचा हिशेब

केंद्र पाहायला गेलेले नातेवाईक बहुधा फरशी, पडदे, बाग आणि देवघर पाहून परततात. मी स्वतःही आत्यासाठी जागा पाहताना तेच केले होते. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र एकाच गोष्टीला अर्थ असतो: हाक मारल्यावर येणारे कोणी आहे का, आणि किती वेळात येते. म्हणून उरलेल्या सगळ्या गोष्टींना मिळून जेवढा वेळ द्याल, तेवढा एकट्या मनुष्यबळाच्या चौकशीला द्यावा असे माझे मत आहे.

‘तुमच्याकडे कर्मचारी किती?’ असे विचारले की ‘बारा जण आहेत’ असे ठोक उत्तर मिळते. त्या बारांत स्वयंपाकीण, वाहनचालक, हिशेब पाहणारा मुलगा आणि पुष्कळदा खुद्द संचालकही धरलेले असतात. त्याऐवजी, या क्षणी रुग्णाला हात लावून काम करणारे किती जण इमारतीत आहेत आणि रात्री दोन वाजता किती असतात, असे दोन नेमके प्रश्न विचारावेत, आणि उत्तर तोंडी न घेता भिंतीवरचा किंवा वहीतला ड्यूटीचा तक्ता पाहावा. तक्ताच नसेल, तर सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या जागी कोण येणार हेही ठरलेले नसते.

अमेरिकेत सरकार नर्सिंग होमना एक ते पाच तारे देते, तेव्हा तपासणीच्या निष्कर्षांबरोबर प्रत्येक रहिवाशाच्या वाट्याला रोज कर्मचाऱ्यांचे किती तास येतात हा आकडाही विचारात घेते. आपल्याकडे असे तारे कोणी देत नाही. पण तो भागाकार वहीच्या पानावर आपल्यालाही करता येतो. समजा, केंद्रात २४ वृद्ध आहेत, दिवसा चार आणि रात्री दोन मावशी किंवा ब्रदर आहेत आणि प्रत्येकाची पाळी १२ तासांची आहे. सहा गुणिले बारा म्हणजे ७२ तास. २४ जणांत वाटले तर प्रत्येकी तीन तास. आता त्यांतील एक मावशी साप्ताहिक सुट्टीवर आहे आणि दुसरीला स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला बसवले आहे, असे धरा. उरतात ४८ तास, म्हणजे प्रत्येकी दोन. या दोन तासांतच अंघोळ, तीन वेळचे भरवणे, डायपर बदलणे, औषधे देणे, कपडे बदलणे आणि चादर पालटणे बसवायचे असते.

रात्रीचा हिशेब याहून कठीण आहे. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, नाहीतर हाडावरच्या कातडीचा रक्तपुरवठा दबून शय्याव्रण, म्हणजे आपण ज्याला बेडसोर म्हणतो ती जखम, होते. असे आठ रुग्ण असतील, तर रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळेत अकरा, एक, तीन आणि पाच अशा चार फेऱ्या होतात. म्हणजे ३२ वेळा वळवणे आले. नीट वळवायला दोन माणसे लागतात. ओला डायपर, चादरीची सुरकुती, टाचेखालची उशी हे सारे पाहून एका रुग्णाला सात मिनिटे धरली, तर रात्रपाळीच्या दोन्ही माणसांचे प्रत्येकी जवळपास पावणेचार तास यातच जातात, आणि तेवढ्यात दुसऱ्या खोलीतल्या आजोबांना उठून संडासाला जायचे असते. रात्री एकच माणूस असलेल्या केंद्रात कोणी ‘आम्ही दर दोन तासांनी पोझिशन बदलतो’ असे सांगितले, तर वाद घालू नये. मनात वजाबाकी करून ठेवावी.

संख्येनंतर प्रश्न येतो शिक्षणाचा. पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी ‘सिस्टर’ म्हणवली जाते, पण जीएनएम हा तीन वर्षांचा आणि एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि तो पूर्ण केलेल्या परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. प्रत्येक मावशीला पदविका हवी असा आग्रह धरणे अव्यवहार्य आहे. वर्षानुवर्षे शुश्रूषा केलेल्या, कागदावर काहीच शिक्षण नसलेल्या मावशीचा हात कित्येकदा अधिक हलका असतो. परंतु इन्सुलिनचे युनिट मोजणे, नळी पोटातच आहे याची खात्री करणे, जखमेची पट्टी बदलणे ही कामे नोंदणीकृत परिचारिकेचीच आहेत, आणि ती प्रत्येक पाळीत हजर आहे की फक्त सकाळी दोन तास येऊन जाते, हे विचारून घ्यावे.

कर्मचारी टिकतात का, हे संचालकापेक्षा त्यांच्याकडूनच अधिक खरे कळते. चौकशी करतो आहोत असा आव न आणता ‘मावशी, किती दिवस झाले इथे?’ एवढेच विचारावे. त्यानंतर एखाद्या आजीकडे पाहून ‘यांना चहा कसा लागतो?’ असे विचारावे. बिनसाखरेचा, बशीत ओतून, अशी माहिती जिला आहे ती तिथे रुळलेली आहे. तीन-चार जणींकडून ‘मागच्याच आठवड्यात ब्युरोकडून आले’ असे ऐकायला मिळाले, तर तिथला पगार वेळेवर होत नाही किंवा कामाचा बोजा पेलवत नाही, असा अंदाज बांधायला हरकत नाही. सलग दोन पाळ्या करणारी माणसे आहेत का, हेही याच गप्पांत निघते. सोलापूरकरांनी आणखी एक गोष्ट विचारावी: संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत, आषाढीला आणि लग्नसराईत निम्मी मंडळी रजा मागतात, तेव्हा बदली माणसे कुठून येतात? दिवाळीच्या चार दिवसांचा मागचा तक्ता दाखवा म्हटले, तर या प्रश्नाचे उत्तर समोरच मिळते.

भाषेचा मुद्दा पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत आढळत नाही, पण इथे तो निर्णायक ठरू शकतो. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे आहेत, आणि स्मृतिभ्रंश वाढू लागला की नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडून माणूस लहानपणीच्या भाषेकडे वळतो. पूर्व भागातल्या, आयुष्यभर बाजारात अस्खलित मराठी बोललेल्या आजी तेलुगूत ‘नीळ्ळु’ म्हणू लागल्या आणि त्या पाणी मागत आहेत हे कोणाला समजले नाही, तर नोंदवहीत ‘रुग्ण चिडचिड करतात’ अशी ओळ पडते आणि पुढे झोपेच्या गोळीचा विषय निघतो. आपल्या माणसाची भाषा येणारी निदान एक व्यक्ती दिवसा आणि एक रात्री आहे का, हे विचारणे म्हणून आवश्यक आहे.

डोळ्यांनी काय पाहावे

पहिली भेट वेळ ठरवून घ्यावी, दुसरी न कळवता. सकाळी साडेसात ते नऊ ही अंघोळींची वेळ, दुपारचे जेवण आणि संध्याकाळी सातनंतरची वेळ या तीन वेळांना केंद्राची खरी घडी दिसते. आत शिरताच लघवीचा वास आला, तर तो एखाद्या खोलीपुरता आहे की सगळीकडे मुरलेला आहे, हे पाहावे; फिनेलचा अतितीव्र वासही तितकाच संशयास्पद असतो. वृद्धांची नखे, दाढी, ओठ आणि जीभ पाहावी. सकाळी अकरा वाजता बहुसंख्य लोक पेंगत असतील, तर रात्रीचे किंवा शांत ठेवण्याचे औषध कोणाच्या चिठ्ठीने दिले जाते हे विचारावे. खाटेच्या कडेला पट्टीने बांधलेले मनगट दिसले आणि डॉक्टरांची लेखी सूचना, कारण व वेळ यांपैकी काहीच दाखवता आले नाही, तर पुढचे प्रश्न विचारत बसण्याची गरज नाही.

जेवणाच्या वेळी उभे राहून पाहावे. भरवताना रुग्णाला टेकून बसते केले आहे का, घास गिळल्याची खात्री करून पुढचा दिला जातो का, की आडवे असतानाच घाईने चमचे कोंबले जातात? आडव्या स्थितीत भरवलेले अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे आपले वैभव खरे, पण दात नसलेल्या माणसासाठी ज्वारीच्या कण्या, दुधात कुस्करलेली मऊ भाकरी किंवा पातळ खिचडी वेगळी होते का, हे ताटात दिसले पाहिजे. वजनाची मासिक नोंद मागावी. महिन्याभरात वजनात पाच टक्के घट, म्हणजे ५० किलोच्या माणसात अडीच किलो, झाली असेल, तर डॉक्टरांना कळवले होते का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

पाणी आणि ऊन हे सोलापूरचे दोन स्वतंत्र विषय आहेत. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे साठवणुकीची टाकी केवढी आहे आणि टँकर कधी मागवला जातो, या उत्तरावरून रुग्णांना आठवड्यातून किती वेळा अंघोळ मिळते हे कळते. मे महिन्यात पारा ४२–४३ अंशांवर जातो आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याची जाणीवच कमी होते. अशा दिवसांत कोणी किती पाणी प्यायले आणि लघवी किती झाली याची नोंद ठेवली जाते का, वरच्या पत्र्याच्या खोल्यांत कोणाला ठेवले आहे आणि वीज गेल्यावर हवेची गादी व ऑक्सिजनचे यंत्र किती वेळ चालते, हे पाहावे.

करारात अनामत रकमेची परतफेड, डायपर व औषधांचा वेगळा आकार आणि रुग्णालयात हलवण्याची पद्धत एवढे तरी लेखी असावे. रात्री दोनला प्रकृती बिघडली तर १०८ ला फोन कोण करणार, सिव्हिलला किंवा खासगी रुग्णालयात सोबत कोण जाणार, आणि तो गेल्यावर मागे उरलेल्यांजवळ कोण राहणार? हा शेवटचा भाग कोणी विचारत नाही.

ठेवल्यानंतर

मुले पुण्यात असलेल्या घरांत शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने यायचे, रविवारी सकाळी अकराला भेटायचे आणि सोमवारी पहाटे परतायचे असा क्रम पडून जातो, आणि केंद्रालाही तो पाठ होतो. आत्याला आम्ही तीन रविवार न्हाऊमाखू घातलेली, स्वच्छ साडीतली पाहिली. चौथ्या आठवड्यात माझी बहीण बुधवारी अचानक गेली आणि तिने पाठ उघडून पाहिली, तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की भेटीत गप्पांबरोबर पाच मिनिटे पडदा ओढून, आपल्या माणसाची परवानगी घेऊन, माकडहाड, खुबे, टाचा आणि कोपरे पाहावीत. दाबल्यावरही न जाणारी लाली ही पहिली खूण. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा तो भाग आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतो का, हे बोटांनी पाहावे.

काही चुकीचे आढळले, तर आधी परिचारिकेशी, मग संचालकांशी, तारीख घालून लेखी बोलावे. मावशीवर ओरडून काही साधत नाही, कारण ती एकटीच असण्याची व्यवस्था तिने केलेली नसते. उत्तर मिळाले नाही, तर नोंदणी करणाऱ्या यंत्रणेकडे तक्रार करता येते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत चालते. मारहाण किंवा डांबून ठेवण्याचा प्रकार असेल, तर थेट ११२ वर फोन करावा. आणि दुसरी जागा आधीच पाहून, तिचा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावा, कारण जखम दिसलेल्या दिवशी शोध सुरू केला, तर पुन्हा पडदे आणि फरशी पाहूनच निर्णय होतो.