अल्गोलचे निरीक्षण करता करता विज्ञानकथा कशी लिहावी

खगोलशास्त्रातले संशोधन आणि विज्ञानकथालेखन अशा दोन्ही गोष्टींची ओढ असलेल्या नववी-दहावीतल्या मुलामुलींनी कृष्णविवरापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कृष्णविवर गच्चीवरून दिसत नाही. ययाती तारकासमूहातला अल्गोल हा तारा मात्र दिसतो, आणि त्याचे तेज दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावते. हा नियमितपणा इंग्लंडमधील यॉर्कच्या जॉन गुडरिकने १७८२-८३ मध्ये टिपला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हते.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या रात्री ईशान्येला शर्मिष्ठा शोधावी. तिच्या खालच्या अंगाला ययाती उगवलेला असतो. विजेरीवर लाल जिलेटीनचा कागद बांधून डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि मग अल्गोलची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करावी. देवयानीतला अल्माक २.१ प्रतीचा, ययातीतला एप्सिलॉन २.९ प्रतीचा आणि कापा ३.८ प्रतीचा आहे. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. अल्गोलचे तेज अल्माक आणि एप्सिलॉन यांच्या बरोबर मधोमध वाटले, तर २.५ लिहावे. 'रात्री ९.४०, एप्सिलॉनपेक्षा किंचित मंद, अंदाजे ३.१, पश्चिमेला विरळ ढग' एवढी नोंद पुरते. अल्गोल कोणत्या वेळी मंदावणार हे स्वतः आधी पाहू नये, घरातल्या कुणाला तरी काढून ठेवायला सांगावे. कारण आकडा ठाऊक असला की डोळ्यांना तोच दिसू लागतो.

वीसेक रात्रींच्या नोंदी जमल्या की, ज्या वेळी तारा सर्वांत मंद दिसला ती वेळ शून्य धरावी, पुढच्या प्रत्येक नोंदीपर्यंतचे दिवस २.८६७ ने, म्हणजे दोन मंदावण्यांमधल्या दिवसांनी, भागावेत आणि फक्त अपूर्णांक ठेवावा. १०.३ दिवसांनंतरची नोंद अशा रीतीने ०.५९ वर येते. सगळ्या नोंदी एकाच आलेखावर मांडल्या की सपाट रेषेत एक खोल खड्डा दिसतो, आणि तो स्वतःच्या हातून उमटलेला पाहण्यात जी मजा आहे ती छापील आलेखात नाही.

कथा या खड्ड्यातूनच निघावी. अल्गोल ही एकमेकांना ग्रहण लावणारी ताऱ्यांची जोडी आहे. जड तारा लवकर म्हातारा व्हायला हवा, पण इथे म्हातारा झालेला तारा हलका आहे, कारण त्याने आपले द्रव्य जोडीदाराला देऊन टाकले आहे. यात नात्याची एक गोष्ट दडलेली आहेच. शिवाय ही जोडी सूर्याच्या मानाने फारच तरुण असल्यामुळे तिथे बुद्धिमान जीव उत्क्रांत झाले असे दाखवता येणार नाही. तुमची पात्रे बाहेरून आलेलीच असावी लागतील, आणि ती का आली याचे उत्तर शोधताना कथानक आपोआप पुढे सरकते. 'सूर्य अचानक विझला' असे लिहू नये. उजेड सुमारे पाच तास ओसरत जातो आणि एक तृतीयांशाच्या आसपास येऊन पुन्हा वाढू लागतो; त्या पाच तासांत घरातली माणसे काय करतात, तेवढे लिहावे.

वहीच्या डाव्या पानावर नोंदी आणि उजव्या पानावर कथा ठेवावी. डावीकडचे उजवीकडे खुशाल न्यावे, उजवीकडचे डावीकडे कधीही आणू नये. ढगाळ रात्रीची रिकामी ओळ रिकामीच राहू द्यावी, कारण कल्पनेने भरलेला एक आकडा बाकीच्या एकोणीस आकड्यांची किंमत घालवतो.

कथा पूर्ण झाल्यावर ती लेखकाचे नाव न सांगता वाचायला द्यावी. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी आपली कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, पाठवली होती आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. नोंदी मात्र खऱ्या नावानेच पाठवाव्यात. रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची १९११ मध्ये स्थापन झालेली अमेरिकी संघटना हौशी निरीक्षकांच्या नोंदीही स्वीकारते.

बोर्डाची परीक्षा येते त्या सुमारास ययाती पश्चिमेकडे कलू लागलेला असतो, त्यामुळे निरीक्षण तसेही आवरते घ्यावे लागते. कथेचा पहिला खर्डा तेव्हा कपाटात ठेवावा आणि सुट्टी लागल्यावर, डावीकडचे आकडे शेजारी उघडे ठेवून, पुन्हा वाचायला घ्यावा.