वर्कशॉप टिकवायचं असेल तर या चुका टाळा

पुण्याची भोसरी असो, नाशिकचं सातपूर असो नाहीतर कोल्हापूरची शिरोली, मशीनवर धातूचे पार्ट बनवणारं नवीन वर्कशॉप टाकणाऱ्या पोरांचे प्रश्न ठरलेले असतात, कुठली मशीन घेऊ आणि तासाला रेट किती लावू. मशीन विकणारा मदतीला तयार, बँकवाला तयार, त्यामुळे मशीन येतेच, गाळाही मिळतो, पूजा होते, पेढे वाटले जातात. मग काही वर्षांनी त्याच गाळ्यावर दुसऱ्याच नावाचा बोर्ड दिसतो. विचारलं की मंदी आली, कामगार मिळत नाहीत, कस्टमरने पैसे अडकवले ही कारणं सांगतात. ती खोटी नसतात. पण मी आतून बघितलेली बहुतेक वर्कशॉप या कारणांच्या बरीच आधी पोखरलेली होती, आणि पोखरणाऱ्या चुका त्याच त्याच असतात म्हणून हे एकदा सविस्तर लिहितोय.

खराब पीस दाबून टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक, त्यामुळे हिच्यावर जास्त लिहिणार.

आधी पीस खराब होतो कसा ते बघा, कारण पुष्कळदा ऑपरेटरचा हात वाईट नसतो, घाई वाईट असते. समजा ५० एमएमची बेअरिंग सीट आहे, म्हणजे शाफ्टवर बेअरिंग बसते ती जागा, आणि ड्रॉइंगवर के६ हा टॉलरन्सचा कोड लिहिलाय. म्हणजे साइज ५० च्या वर २ ते १८ मायक्रॉनमध्ये पाहिजे (एक मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग). स्टील एका डिग्रीला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. शाफ्ट मशीनवरून उतरला तेव्हा वीस डिग्रीने गरम असेल तर ५० एमएमवर तो अकरा-बारा मायक्रॉन फुगलेला असतो. ऑपरेटर गरम असतानाच मायक्रोमीटर लावतो, प्लस १० दाखवतं, तो खूश. तासाभराने तोच शाफ्ट थंड होऊन ५० च्याही खाली गेलेला असतो. कोणी खोटं बोललं नाही, कोणी आळस केला नाही, तरी पीस गेला.

माझ्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये पंपाच्या शाफ्टचा अख्खा लॉट असा झाला. कूलंट नीट पडत नव्हतं, घाई होती, दुसऱ्या दिवशी गुरुवार म्हणजे सुट्टी, आणि माल बुधवारी संध्याकाळीच जायचा होता. आयटीआयमधून आलेला एक अप्रेंटिस पोरगा होता, त्याने दुपारी थंड झालेले शाफ्ट परत मोजले, सीट कमी भरते असं दिसल्यावर ते बाजूला काढले आणि स्वतःहून शेठला जाऊन सांगितलं. शेठ म्हणाला, मायक्रॉनचा तर फरक आहे, पंच मारा आणि पाठवून द्या.

या धंद्यात नवीन असाल तर पंच मारणं म्हणजे काय ते सांगतो. सीटवर सेंटर पंचाने गोल फिरवून ठिपके मारायचे. प्रत्येक ठिपक्याच्या कडेला धातू थोडा वर येतो, मायक्रोमीटर त्या उंचवट्यांवर टेकतो आणि साइज बरोबर दाखवतो, बेअरिंगही टाइट बसतं. बसवणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. पण पंप चालू झाला की ते उंचवटे दबतात, बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर सरकायला लागते, सीट घासते, गरम होते, आवाज सुरू. कस्टमरने पंप उघडला, बेअरिंग ओढून काढलं, खाली ठिपके. आता यावर बोलायला काही उरतच नाही, कारण चुकून साइज कमी झाली असं म्हणता येतं पण पंच चुकून लागत नाही. पूर्ण लॉटची डेबिट नोट आली, आधी गेलेला माल परत तपासायचा खर्च यांच्याच डोक्यावर आला आणि नवीन ऑर्डर थांबल्या.

नंतर त्यांनीच मला बघायला बोलावलं. पैशाचं नुकसान मोठं होतं, पण मला जास्त भीतीदायक वाटलं ते वेगळंच. रिजेक्शनचा डबा जवळजवळ रिकामा! एवढं काम चालतंय आणि एकही पीस खराब होत नाही हे शक्यच नाही. तो अप्रेंटिस सोडून गेला होता, आणि बाकीच्यांनी त्या बुधवारी एवढंच शिकून घेतलं होतं की शेठला सांगून उपयोग नाही. एका मशीनचं बोअर, म्हणजे पिसाचं आतलं भोक, टेपर येतंय (एका टोकाला मोठं, दुसऱ्याला लहान) हे फ्लोअरवर सगळ्यांना माहीत होतं आणि शेठला ते कस्टमरच्या फोनवरून कळलं. मालकालाच आपल्या वर्कशॉपची खबर बाहेरून मिळत असेल तर मशीन कितीही भारी असू दे, ते वर्कशॉप चालवतंय कोण?

माझी पद्धत सांगतो, शास्त्र वगैरे काही नाही, सवय आहे. खराब पिसांची लाल पेटी माझ्या टेबलाशेजारी असते, कोपऱ्यात नाही. पिसाबरोबर चिठ्ठी, कुठली मशीन आणि काय चुकलं एवढंच, नाव लिहायची सक्ती नाही. पीस आणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो "कधीपासून असं येतंय?" कोणी केलं हे नंतर आपोआप कळतं. स्वतः पीस घेऊन आला त्याच्या पगारातून एक रुपयाही कापायचा नाही, आणि त्या दिवशी तरी आवाज चढवायचा नाही. कस्टमरला फोन मालकाने करायचा, टेम्पो निघायच्या आधी, की इतके पीस कमी पाठवतोय, कारण हे आहे. तो चिडेल, बोलेल, ऐकून घ्या. सीट वाचवायचीच असेल तर हार्ड क्रोम किंवा मेटल स्प्रेने वर धातूचा थर चढवून परत ग्राइंडिंग होतं, पण तेसुद्धा कस्टमरचं लेखी हो आल्यावरच.

आणि मोजायच्या आधी पीस थंड होऊ द्या हो. मोजमापाचं जगभरचं ठरलेलं तापमान २० डिग्री आहे, आपल्याकडे एप्रिलमध्ये शेडखाली ते मिळणार नाही हे मलाही माहीत आहे, म्हणून पीस आणि मास्टर, म्हणजे ज्याच्याशी साइज ताडून बघतो तो नमुना, दोन्ही एकाच सरफेस प्लेटवर शेजारी शेजारी ठेवायचे. दोन्ही स्टीलचे, दोन्ही सारखेच फुगलेले, फरक बराचसा निघून जातो. एवढा धीर नसेल तर मायक्रॉनची कामं घेऊच नका, फॅब्रिकेशनमध्येही चांगला पैसा आहे.

सगळी कला एकाच मेस्त्रीच्या डोक्यात

जुने मालक अभिमानाने सांगतात, आमचे मामा आहेत ना, काही काळजी नाही. मग मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघतं नाहीतर गावाकडे पुतणीचं लग्न, आणि इकडे मशीन उभी. नवीन मालक याच्या बरोबर उलट चूक करतात, त्यांना वाटतं कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन घेतली म्हणजे मेस्त्रीची गरज संपली. मला दुसऱ्या चुकीचा जास्त राग येतो.

एक पातळ रिंग तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, पकडा आणि बोअर करा. मशीनवर आहे तोवर बोअर एकदम गोल. चक सोडला की रिंग आपल्या मूळ आकाराला परत जाते आणि बोअर तीन ठिकाणी दबलेलं निघतं. गंमत म्हणजे दोन टोकांवर टेकणाऱ्या बोअर गेजने मोजलं तर हा दोष बऱ्याचदा दिसतच नाही, सगळीकडे सारखंच रीडिंग येतं. तुम्ही ओके म्हणून पाठवता आणि तिकडे असेंब्लीत बसत नाही. प्रोग्राम बरोबर, मशीन बरोबर, गेज बरोबर, तरी माल रिजेक्ट. मेस्त्री काय करतो? सॉफ्ट जॉ, म्हणजे कापता येणारे मऊ धातूचे जॉ, रिंगच्या साइजला बोअर करून घेतो म्हणजे पकड सगळ्या बाजूंनी बसते, आणि शेवटच्या कटच्या आधी चकचं प्रेशर कमी करतो. हे कुठल्याही मशीनबरोबर फुकट मिळत नाही.

म्हणून प्रत्येक जॉबचा सेटिंगचा कागद बनवा. मोबाइलने फोटो, जॉचं प्रेशर, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) कुठला, कुठला फेस आधी आणि का. कागद शिकाऊ पोराने लिहायचा आणि मामांना वाचून दाखवायचा, मामांना लिहायला बसवाल तर कधीच होणार नाही. शिकवण्याचे वेगळे पैसे द्या आणि ते शिफ्टच्या वेळेतच होऊ द्या. आयुष्यभर जे हातात कमावलं ते चहाच्या सुट्टीत पोरांना देऊन टाका असं कोणाला सांगणं मला तरी पटत नाही. मेस्त्री रिटायर व्हायला महिना उरला की जागे होणारे मालक पुष्कळ बघितलेत, तेव्हा काही मिळत नाही, फक्त निरोप समारंभ होतो.

घाईवाल्यांना किर्लोस्करांचं उदाहरण द्यायला फार आवडतं, सायकलच्या दुकानातून केवढं साम्राज्य उभं केलं वगैरे. जरा वर्षं बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं १८८८ मध्ये. लोखंडी नांगर आला १९०३ च्या सुमाराला, म्हणजे मध्ये पंधरा वर्षं गेली. त्यातही शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासेल, त्यामुळे नांगर बनला तरी खपायला वेळ लागला. बेळगावची जागा सोडावी लागली, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. आणि हा माणूस नांगराच्या आधी मुंबईत व्हीजेटीआय या तांत्रिक संस्थेत शिकवत होता, यंत्र स्वतःला कळत होतं. आपल्याकडे दुसऱ्या वर्षी दुसरं युनिट टाकतात, तेव्हा पहिल्या युनिटमधला फर्स्ट पीस ओके करायला कोण थांबतंय याचा पत्ता नसतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

रेट तोडून पहिली ऑर्डर घेऊ नका, तो रेट नंतर वाढत नाही, कस्टमरला तोच खरा वाटायला लागतो.

एकाच कस्टमरवर पूर्ण मशीन टाकू नका. त्याने मॉडेल बदललं की तुमचा हप्ता बदलत नाही.

मुलाला किंवा मुलीला शिक्षण झाल्या झाल्या केबिनमध्ये बसवू नका. आधी डीबरिंग, म्हणजे पिसाच्या कडेला राहिलेली धार (बर) काढणं, मग डिस्पॅच, मग इन्स्पेक्शन. बर काढताना बोटं कापली की ड्रॉइंगवरच्या 'बर काढा' या छोट्या नोटचा अर्थ कळतो.

पेमेंटसाठी नुसतं रडू नका, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. हा कायदा २००६ चा आहे, आणि आता इन्कम टॅक्समध्येही अशी उशिराची बिलं कस्टमरला अडचणीची ठरतात, त्यामुळे त्यांचा अकाउंटंट तुमचं उद्यम सर्टिफिकेट स्वतःहून मागतो. बिलावर नंबर छापा, माल स्वीकारल्याची सही आणि तारीख घ्या. तारीखच नसेल तर दिवस मोजणार कुठून?

पगाराची तारीख पाळा. कस्टमरचे पैसे आले नाहीत हे कारण कामगाराला सांगायचं नसतं, तो तुमचा पार्टनर नाही.

खंडेनवमीला मशीनला हार घालता ते चांगलंच आहे, मीही घालतो, पण रोज शिफ्ट संपताना बेडवरच्या चिप्स काढून स्लाइडवेला (मशीनचे भाग ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांना) तेलाचा हात मारा, त्यासाठी शेवटची पंधरा मिनिटं मालकाने स्वतः सोडायची असतात. ती प्रॉडक्शनमध्ये मोजू नका.

कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट वर्षातून एकदा येतं, मायक्रोमीटर मात्र आठवड्यातून दोनदा तरी पडतो. रोज सकाळी झिरो तपासा, मधल्या साइजला स्लिप गेज (ठरलेल्या अचूक जाडीचा ठोकळा) लावून बघा, पडलेला असेल तर सांगणाऱ्याला ओरडू नका. आणि रात्री डब्यात ठेवताना दोन्ही फेस घट्ट आवळून ठेवायचे नाहीत, थोडी फट सोडा, तेलाचा पातळ हात फिरवा.