स्टँडबाय सर्वरला नाव काय द्यायचं आणि डॉक्युमेंटमध्ये काय लिहायचं

इंदूरला विजयनगरात आमचं छोटं ऑफिस आहे, पोस्टग्रेस या डेटाबेसचे दोन सर्वर, एक मुख्य म्हणजे प्रायमरी आणि दुसरा त्याची नक्कल करत राहणारा स्टँडबाय, आणि ते सांभाळणारे आम्ही तिघं. आमच्या डॉक्युमेंटमध्ये दुसऱ्या सर्वरपुढे कोणीतरी "बॅकअप सर्वर" लिहून ठेवलं होतं. नव्या मुलाने ग्राहकांच्या टेबलवर डिलीट चालवलं, व्हेअर, म्हणजे कुठल्या ओळी उडवायच्या ती अट, लावायचं राहिलं, आणि मला म्हणाला दादा काळजी नको, बॅकअप सर्वर आहे ना. उघडून बघितलं तर टेबल तिथेही रिकामं, कारण स्ट्रीमिंग चालू होतं आणि डिलीट लगेच तिकडेही पोचलं होतं. शेवटी रात्री काढून ठेवलेल्या डम्पवरून, म्हणजे डेटाच्या प्रतीवरून, डेटा आणला आणि त्या दिवसाच्या नोंदी कागद बघून हाताने भरल्या, संध्याकाळचे आठ वाजले. त्या पोराला मी काही बोललो नाही, त्याने जे लिहिलं होतं त्यावर विश्वास ठेवला होता.

म्हणून पहिलं काम, स्टँडबायला कुठेही बॅकअप म्हणायचं नाही, बोलतानासुद्धा नाही. बॅकअप म्हणजे कालचा डेटा काल होता तसाच ठेवलेला, आणि स्टँडबाय म्हणजे प्रायमरीवर जे होईल ते, चूक धरून, मागोमाग करणारा.

दुसरं, हॉट, वॉर्म, स्ट्रीमिंग, सिंक्रोनस हे शब्द एकाच ओळीत कोंबू नका, हे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. डेटा येतो कसा? वॉल म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही, तिच्या 16 एमबीच्या फाइल भरल्या की एकेक पाठवायची ती लॉग शिपिंग, आणि बदल होतील तसे कनेक्शनवरून येत राहतात ते स्ट्रीमिंग. स्टँडबायवर क्वेरी चालते का? चालत असेल तर हॉट, नुसता मागे मागे येत असेल तर वॉर्म. कमिट, म्हणजे बदल पक्का करणं, दुसरीकडे पोचायची वाट बघतं का? बघत असेल तर सिंक्रोनस. प्रत्येक प्रश्नाला डॉक्युमेंटमध्ये स्वतःची ओळ द्या, मग वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. पोस्टग्रेसमध्ये हॉट स्टँडबाय आणि स्ट्रीमिंग दोन्ही 2010 मध्ये 9.0 व्हर्जनमध्येच आले, म्हणून लोक आजही दोन्ही एकच समजतात. शिवाय "हॉट" ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की प्रायमरी पडला की हा आपोआप उभा राहील. पोस्टग्रेस स्वतःहून तसं काही करत नाही, प्रमोट करावं लागतं, म्हणजे स्टँडबायला प्रायमरी बनवावं लागतं, माणसाने किंवा वेगळ्या टूलने. हे वाक्य आम्ही सगळ्यात वर लिहिलंय, आणि हिंदीतसुद्धा, कारण आमच्याकडे रात्रपाळीचा मुलगा मराठी वाचत नाही.

नावाने किती फरक पडतो याचं उदाहरण पोस्टग्रेसमध्येच आहे. वॉलच्या डिरेक्टरीचं नाव आधी पीजी_एक्सलॉग होतं, डिस्क भरली की लोक "लॉग आहे, उडवा" म्हणून तीच साफ करायचे आणि डेटाबेस बसायचा. 2017 मध्ये 10 मध्ये ते पीजी_वॉल केलं. म्हणजे तुमचं जुनं डॉक्युमेंट असेल तर त्यातला पाथ चुकीचा असणार, तसंच 2019 च्या 12 पासून रिकव्हरी डॉट कॉन्फ ही स्टँडबायच्या सेटिंगची फाइल बंद झाली आणि स्टँडबाय डॉट सिग्नल नावाची रिकामी फाइल आली. जुन्या स्टेप्स बघून कोणी रिकव्हरी डॉट कॉन्फ ठेवली तर सर्वर सुरूच होणार नाही. तेव्हा पानाच्या डोक्यावर व्हर्जन लिहा, तारीख लिहा.

मशीनचं नाव रोलवरून ठेवू नका. डीबी-प्रायमरी, डीबी-स्टँडबाय अशी नावं छान वाटतात, पण फेलओव्हर झाला, म्हणजे प्रायमरी पडून त्याची जागा स्टँडबायने घेतली, की त्याच दिवसापासून दोन्ही नावं खोटी. आम्ही इंदूरमधल्या ठिकाणांची नावं देतो, एकाला राजवाडा म्हणतो, दुसऱ्याला पलासिया. कोण काय आहे ते सर्वरलाच विचारायचं, पीजी_इज_इन_रिकव्हरी फंक्शन ट्रू म्हणालं तर स्टँडबाय. रीस्टार्ट करण्याआधी हे चालवायचंच, कितीही घाई असो.

रेप्लिकेशन स्लॉटच्या नावाकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या, माझं कळकळीचं सांगणं आहे. स्लॉट प्रायमरीला सांगतो की माझा स्टँडबाय येईपर्यंत वॉल जपून ठेव. स्टँडबायचं मशीन काढून टाकलं आणि स्लॉट राहिला तर प्रायमरी वॉल जपतच राहतो, डिस्क भरेपर्यंत, कारण मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज ही सेटिंग 13 मध्ये आली तरी डिफॉल्टला मर्यादा नाहीच. आमच्याकडे "टेस्ट1" नावाचा स्लॉट असाच पडून होता, डिस्क 90 टक्क्यांवर गेली तरी काढायची कोणाची छाती होईना, कारण तो कोणाचा हेच माहीत नव्हतं. आता नाव "पलासिया_रिपोर्ट" असं ठेवतो, मशीन आणि काम दोन्ही कळतं. नावात फक्त छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात.

आणि प्रत्येक सोयीपुढे तिची किंमत लिहा. स्टँडबायवर मोठा रिपोर्ट चालवला आणि तो प्रायमरीवरून आलेल्या बदलाच्या आड आला तर स्टँडबाय डिफॉल्टला 30 सेकंदांपर्यंत दम धरतो, मग क्वेरी कापतो. हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू केलं तर कापाकापी बरीच कमी होते, पण जुन्या ओळी प्रायमरीवर साचत जातात. अकाउंटवाल्यांना नुसतं "रिपोर्ट पलासियावर चालवा" सांगितलं होतं, महिनाअखेरीला रिपोर्ट तीनदा तुटला तेव्हा त्या ताईंना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

लिहून झालं की ज्याने लिहिलं नाही त्याच्या हातात द्या. टेस्टचा स्टँडबाय उभा करा, तुम्ही मागे खुर्ची टाकून गप्प बसा, आणि त्याला फक्त ते पान बघून प्रमोट करू द्या. जिथे तो मान वळवून तुमच्याकडे बघेल, ती ओळ परत लिहा.