कोलाडला राफ्टिंग केलंय म्हणून ऑरेंज नदीत उतरताय? आधी या चुका टाळा

कोलाडला कुंडलिकेत दोनदा राफ्टिंग केलं की आपल्याला वाटतं आता कुठलीही नदी चालेल, मलाही वाटलं होतं, आणि आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीवर कनूत (वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी) पहिल्या दिवशी मी आणि बायको तासभर नुसते गोल गोल फिरत होतो. राफ्टमध्ये गाईड मागे बसून सगळं सांभाळतो, कनूमध्ये दोघंच, म्हणजे गाईडही तुम्हीच. दिशा मागच्याने द्यायची, पुढच्याने एका लयीत वल्हं मारायचं आणि दगड दिसला की ओरडायचं, बस. आम्ही दोघंही दिशा देत होतो! कनू डावीकडे पळायला लागली तर मागच्याने उजव्या बाजूला वल्हं पाण्यात मागे धरून ठेवायचं, सुकाणूसारखं, ती आपोआप वळते. हे कळेपर्यंत भांडणाचे दोन राऊंड झाले होते.

ही नदी दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या सीमेवरून वाहते, ४-५ दिवसांच्या ट्रिपा असतात, रात्री काठावर वाळूत झोपायचं. बुकिंग करताना बेस कॅम्प कुठल्या काठावर आहे ते विचारा, पलीकडचा काठ म्हणजे दुसरा देश, दुसरा व्हिसा. आणि ऋतू उलटे आहेत हे आपण विसरतो. ख्रिसमसच्या सुट्टीत तिथे भर उन्हाळा, ४० च्या वर जातं, आणि जून-जुलैत रात्री कुडकुडायला होतं. दिवाळीची सुट्टी त्यातल्या त्यात बरी.

सनस्क्रीन तोंडाला सगळेच लावतात. पण कनूत तुम्ही तासन् तास पाय पसरून बसता, त्यामुळे भाजतात त्या मांड्या आणि पावलांची वरची बाजू. माझ्या पावलांवर सँडलच्या पट्ट्यांची पांढरी नक्षी आणि मधे लालभडक कातडी, चार दिवस बूट घालता आला नाही. पातळ फुल पँट घाला. आणि स्लीपर नको, चिखलात एक जाते आणि दुसरीचं काय करायचं ते कळत नाही.

सकाळी चहा-गप्पांत वेळ घालवू नका. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो तो बरोबर तोंडावर, वल्हं मारताय पण काठावरचं झाड तिथेच. जे अंतर कापायचं ते सकाळीच. सामान ड्रममध्ये ठेवतात त्याचं झाकण लावलं की ड्रम उलटा करून बघा, आम्ही बघितला नाही, कनू कलंडली आणि भडंगाचा लगदा झाला. कलंडलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि पाणी येतं त्या बाजूला, कनूच्या मागे राहा, कनू आणि दगड यांच्यामधे कधीच नको, पाण्याने भरलेल्या कनूचं वजन भयंकर असतं.

आता झांबेझी नदी. ऑरेंजच्या त्या भागात पाणघोडे-मगरी नाहीत त्यामुळे लोक बिनधास्त पोहतात, आणि तीच सवय घेऊन काही जण करीबा धरणाच्या खालच्या झांबेझीवर, झिम्बाब्वेतल्या माना पूल्स अभयारण्यात जातात. तिथे पाण्यात हातसुद्धा सोडायचा नाही, मगरी आहेत. पाणघोडा घाबरला की खोल पाण्याकडे धावतो, म्हणून तुम्ही उथळ पाण्यातून काठाकाठाने जायचं, तो आणि खोल पाणी यांच्यामधे सापडायचं नाही. गाईड मधूनच वल्ह्याने कनूवर टकटक करतो तेव्हा हसू नका, पाण्याखालच्या पाणघोड्याला आपण आलोय हे कळवतोय तो. रात्री पाणघोडे चरायला काठावर येतात, तंबूबाहेर एकटं भटकणं बंद. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरला निघायच्या आधी विचारा, तिथे पोचून नाही.

समुद्रात कयाक करायचा असेल तर नामिबियाच्या किनाऱ्यावरचं वॉल्विस बे मस्त, सील अगदी वल्ह्याला तोंड लावतात (हात लावायला जाऊ नका, चावतात). पण बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे पाणी गार, सकाळी धुकं. गोव्यासारखं टी-शर्ट-बर्मुड्यावर गेलात तर दात वाजतील, विंडचीटर न्या. केप टाउनला उन्हाळ्यात साउथईस्टर (आग्नेयेकडून येणारा जोरदार वारा) सुटला की ट्रिप रद्द होते, म्हणून ती शेवटच्या दिवशी ठेवू नका, हाताशी एखादा दिवस जास्तीचा असू द्या.

आणि व्हेज असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, मासेही नको असं वेगळं लिहा. आम्ही नुसतं व्हेज लिहिलं होतं, संध्याकाळी शेगडीवर सगळ्यांसाठी मटण आणि आमच्यासाठी खास वेगळा काढून ठेवलेला मासा.