पलावानच्या भूमिगत नदीला जाताना

फिलिपिन्सच्या पलावान बेटावर सेंट पॉल डोंगररांगेच्या पोटातून काबायुगान नदी वाहते आणि गुहेच्या तोंडापासून काही पावलांवर समुद्राला मिळते. गुहा 8 किलोमीटरहून जास्त लांब आहे, पर्यटकांची होडी सुमारे दीड किलोमीटर आत नेऊन परत आणतात. खालच्या भागात भरतीचं पाणी थेट गुहेत शिरतं. गुहेभोवतीचं राष्ट्रीय उद्यान 1999 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

सगळ्यात आधी परवाना. रोज किती माणसं आत सोडायची याला मर्यादा आहे. गुहेकडच्या होड्या सबांग गावातून सुटतात. परवान्याशिवाय थेट तिथल्या धक्क्यावर गेलात तर रिकाम्या हाताने परतावं लागेल. पुएर्तो प्रिन्सेसा शहरातूनच तो काढा किंवा सहल कंपनीला काढायला सांगा. पासपोर्ट जवळ ठेवा, पेसो रोख न्या.

शहर ते सबांग साधारण 80 किलोमीटर, व्हॅनने दोन तास. शेवटचा टप्पा वळणांचा आहे, गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधीच घ्या.

दौरा फसतो तो बहुतेक वेळा समुद्रामुळे. हा किनारा पश्चिमेचा. जून ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारा कोकणासारखाच इथेही समुद्र खवळवतो आणि होड्या अनेकदा बंद राहतात. डिसेंबर ते मे बरा, पण तेव्हाही वारा सुटला की फेरी रद्द होऊ शकते. म्हणून सबांगचा दिवस परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी मुळीच ठेवू नका. त्यानंतर एक मोकळा दिवस हवाच.

धक्क्यावरून बांका नावाच्या होडीने 15-20 मिनिटं. आपली उलांडीची होडी आठवा, फक्त इथे आधार दोन्ही बाजूंना, बांबूचा. उतरताना पाय पाण्यात घालावे लागतात, तेव्हा बूट नकोत, पट्ट्याच्या सँडल घाला. पुढे झाडीतून थोडं चालायचं. इथली माकडं प्लॅस्टिकच्या पिशवीवर झडप घालतात. खाऊ हातात दिसता कामा नये, तो चेन लावलेल्या सॅकमध्ये टाका. घोरपडी दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

गुहेच्या तोंडाशी वल्ह्याची छोटी होडी, हेल्मेट आणि जीवरक्षक जॅकेट मिळतं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट करा, छत काही ठिकाणी फारच खाली येतं. आत वटवाघळं आणि पाकोळी पक्षी हजारोंनी आहेत. वर बघताना तोंड मिटलेलंच ठेवा. वरून पडणारा प्रत्येक थेंब पाण्याचाच असेल असं नाही. हात होडीच्या काठाबाहेर काढू नका आणि लवणस्तंभांना बोट लावू नका, हाताच्या तेलकटपणाने त्यांची वाढ थांबते.

दिवा बहुधा सगळ्यात पुढे बसलेल्या प्रवाशाच्या हातात देतात. ती जागा मिळाली तर नावाडी सांगेल तिकडेच झोत धरा. स्वतःच्या मनाने फिरवलात तर मागच्यांना फक्त काळोख दिसेल. फोटोसाठी फ्लॅश नको, त्याच झोतात कॅमेरा स्थिर धरा. पाऊण तासात तुम्ही पुन्हा उजेडात याल.