कपाळाच्या सायनसमधला ऑस्टिओमा मागे सरकला असेल तर

ऑस्टिओमा ही हाडाचीच गाठ. कॅन्सर नव्हे, आणि वाढते इतकी सावकाश की बहुतेकदा भलत्याच कारणासाठी काढलेल्या सीटीत सापडते. लहान असेल आणि त्रास नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये, अधूनमधून सीटी काढून नजर ठेवावी. सायनसच्या मागच्या भिंतीतून ती आत घुसली असेल तर मात्र थांबण्यात अर्थ नाही. त्या पातळ भिंतीला लागूनच मेंदूचं आवरण, म्हणजे ड्युरा, असतं. तिथून हवा किंवा जंतू आत शिरू शकतात.

सीटी 1 मि.मी. किंवा त्याहून बारीक कापांचा हवा. भिंत कुठे झिजली ते त्यातच कळतं. गाठीमागे म्युकोसील (अडकलेल्या शेंबडाची फुगत जाणारी पिशवी) साठलाय का, ड्युरा दबलाय का, यासाठी एमआरआय. पण नुसत्या एमआरआयवर विसंबू नये. घट्ट हाड त्यात हवेसारखंच काळं दिसतं आणि गाठ नजरेतून निसटते. गाठी अनेक असतील तर गार्डनर सिंड्रोमची (मोठ्या आतड्यात अनेक पॉलिप होणारा आनुवंशिक आजार) शंका घेऊन कोलोनोस्कोपीही, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करावी.

गाठ मधल्या बाजूला असेल तर नाकातून दुर्बिणीने काढता येते. बाजूला लांबवर पसरली किंवा कवटीच्या आत बरीच गेली असेल तर केसांमधून, कानापासून कानापर्यंत चीर घेऊन पुढचं हाड झाकणासारखं उघडतात. अशा वेळी न्यूरोसर्जन सोबत हवाच.

गाठ ओढून काढायची नसते. पाण्याची धार चालू ठेवून ड्रिलने ती आतून पोखरत नेतात. उरतं ते अंड्याच्या टरफलासारखं कवच. ते आतल्या बाजूला मोडून, ड्युराला चिकटलेला तुकडा सगळ्यात शेवटी सोडवतात. इथे घाई केली की ड्युरा फाटतो. फाटलाच तर मांडीतल्या फॅशियाचं (स्नायूंवरच्या चिवट पडद्याचं) ठिगळ लावून वर पेरिक्रेनियमचा, म्हणजे कवटीवरच्या पातळ आवरणाचा, रक्तपुरवठा राखलेला जिवंत पडदा पसरतात. मागची भिंत बरीच गेली असेल तर सायनसच बंद करतात, पण आधी आतलं अस्तर पूर्ण खरवडावं लागतं. चिमूटभर राहिलं तरी काही वर्षांनी तिथे म्युकोसील होतो.

घरी आल्यावर डोकं 30 अंश उंच ठेवावं. सर्जन परवानगी देईपर्यंत नाक शिंकरणं, वजन उचलणं, विमानप्रवास बंद. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. बद्धकोष्ठाचं औषध चुकवू नये, कारण कुंथल्यानेही ठिगळ सुटतं.

पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं, खारट काही टपकलं तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. स्वच्छ बाटलीत धरून ते बीटा-2 ट्रान्सफेरिन (त्या पाण्यातलं ओळखीचं प्रथिन) तपासणीला द्यावं. साखर तपासायची पट्टी इथे फसवते. नाकात बोळा घालू नये. ताप, मान आखडणं, गुंगी यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टी गाठावी.