रांगतं बाळ आणि घरात पिसवा

बाळ रांगायला लागलं आणि त्याच्या पोटऱ्यांवर लाल ठिपके दिसले. पिसवा! कीटकनाशकाचा फवारा मी आणलाच नाही. जे हात जमिनीवर, तेच तोंडात. आधी मांजरीला पशुवैद्यांकडे नेलं, मूळ तिथेच होतं. (कुत्र्याचं परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असलेलं पिसवांचं औषध मांजरीला कधीच लावू नका, जिवावर बेततं.) चादरी, दुपटी, मांजरीचं अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुतलं. मग रोज व्हॅक्यूम: गालिचा, सोफ्याच्या फटी, पलंगाखाली, भिंतीच्या कडा. कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर. कोशातल्या पिसूवर औषध फारसं चालत नाही, पण व्हॅक्यूमच्या हादऱ्यांनी ती बाहेर येते आणि सापडते. म्हणून चावे थांबले तरी मी पुढे महिनाभर व्हॅक्यूम सोडला नाही; कोश आठवडेच्या आठवडे दबा धरून बसतात.